बादली भरली नाही त्या गुरुवारी

दीपमाला खोब्रागडे यांना मी वहिनी म्हणतो. नात्याने त्या माझ्या कोणी नाहीत. त्यांचे यजमान बाबुराव आणि मी नऱ्ह्याच्या एका फाउंड्रीत बरोबर होतो. मी साच्यावर, तो क्रेनवर. आता दोघेही घरी आहोत आणि धायरीत एकाच सोसायटीत राहतो. मी पहिल्या मजल्यावर. तो सगळ्यात वरच्या, कारण वरचा फ्लॅट स्वस्त मिळाला. वर गच्ची असली की फ्लॅट स्वस्त का मिळतो, ते एप्रिलमध्ये कळतं.

वहिनी मूळच्या चंद्रपूरच्या. चंद्रपूरचा माणूस उन्हाबद्दल बोलायला लागला की पुणेकराने गप्प बसावं. होळी झाली की कूलर माळ्यावरून काढायचा, धुवायचा, जाळ्यांत नवीन गवत भरायचं आणि पाऊस येईपर्यंत बंद करायचा नाही, अशी त्यांच्या माहेरची रीत. लग्न होऊन पुण्यात आल्या तेव्हा इथे कोणाच्याच घरी कूलर नाही हे बघून त्या हबकल्या. मग बाबुरावने मालकाला विचारून, रविवारी शेडमध्ये थांबून, शिल्लक पत्र्याचा एक कूलर बनवला. पत्रा जाड लावला. घरी नेताना एक बाजू मी धरली होती, म्हणून वजन मला माहीत आहे.

चाळीतल्या शेजारीणबाई म्हणाल्या, "पुण्यात कूलर? आता थंडीत शेकोटी पण आणाल."

"आणू ना," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही या शेकायला."

तेव्हा हसणाऱ्यांच्या घरी आता दोन-दोन एसी आहेत. तो कूलर मात्र तीन घरं फिरून धायरीत आला आणि बेडरूमच्या खिडकीला पाठ लावून बसला. त्यात बिघडण्यासारखं काही नव्हतं. बिघडलंच तर बाबुराव दुरुस्त करायचा.

पुढे बाबुराव क्रेनच्या शिडीवरून पडला. पाठीचा कणा वरच्या बाजूला दुखावला. हात चालतात, डोकं चालतं, तोंड तर पहिल्यापेक्षा जास्त चालतं. छातीखाली काही नाही.

वहिनी तेव्हा मुलींच्या एका हॉस्टेलवर स्वयंपाकाला होत्या. त्यांनी रजा घेतली आणि माणूस कसा हलवायचा ते शिकल्या. सुरुवातीला काखेत हात घालून ओढायच्या. कंबर गेली. मग त्याच्याखाली घडी घातलेली चादर ठेवायची, चादरीला धरून ओढायचं, गुडघा पलंगाला टेकवायचा आणि जोर पाठीने न लावता मांड्यांनी लावायचा, हे त्यांना जमलं. आयुष्यभर वजन उचललेली माणसं मी पाहिली आहेत. वहिनींइतकं साफ काम थोड्यांचं. दर काही तासांनी त्याची कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. त्याला कधी जखम झाली नाही. दुसरं काही न सांगता एवढंच सांगितलं तरी ती बाई कोण आहे ते कळावं.

डॉक्टरांनी तेव्हाच एक गोष्ट सांगितली होती. याला छातीखाली घाम येणार नाही. घाम नाही म्हणजे अंग गार होणार नाही. बाहेर तापलं की हा आतून तापत जाईल आणि त्याला स्वतःला ते उशिरा कळेल. खोली गार ठेवा.

घामाची किंमत फाउंड्रीतल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही.

काही उन्हाळे कूलरवर निभावले. मागच्या उन्हाळ्याच्या शेवटी बाबुरावला दोनदा ताप चढला, तेव्हा मुलगा प्रज्ञेशने एसी पाठवला. तो बंगळूरला असतो. एसी बसवणारा माणूस आला, भिंतीला भोक पाडलं, रिमोटवर सोळा आकडा लावला आणि म्हणाला, "सोळावर ठेवा, लवकर गार होतं." चहा पिऊन गेला. त्या दिवसापासून सोळा हा आकडा त्या घरात पक्का झाला. त्याला कोणी हात लावला नाही.

कूलरलाही कोणी हात लावला नाही. एसी आला म्हणून कूलर बंद करायचा, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. एकाने एवढं गार होतं, तर दोन्हींनी किती होईल, असा सरळ हिशोब. मलाही तो पटला होता.

एसीच्या पाण्याची नळी गॅलरीत सोडली होती. वहिनींनी तिच्याखाली बादली ठेवली. दुपारी बादली भरायची. ती उचलून त्या कूलरच्या टाकीत ओतायच्या.

"फुकटचं पाणी, भाऊजी," त्या मला म्हणाल्या. "लोक टँकरची वाट बघतात आणि हा घरात बसल्या बसल्या पाणी देऊन राहिला."

"बरं आहे," मी म्हणालो. खरंच बरं वाटलं होतं.

मग यंदाच्या एप्रिलचं लाईटबिल आलं. वहिनींनी ते वाचलं, घडी घातली, कॅलेंडरमागे खोचलं. त्यानंतरच्या सोमवारी त्या एका मेसवर पोळ्या लाटायला जायला लागल्या. हॉस्टेलचं काम त्यांनी गुडघ्यांमुळेच सोडलं होतं. पोळ्या उभ्याने लाटायच्या असतात, समोर तवा तापलेला असतो. सकाळी जायच्या ते दुपार उलटल्यावर यायच्या. मधल्या वेळात बाबुरावची कूस बदलायला मी वर जायचो. चावी माझ्याकडे असते.

एक दिवस दार उघडलं तर खोली भट्टीसारखी. कूलर आणि एसी दोन्ही बंद.

"एसी बंद कसा?"

"लाईट गेली असेल," बाबुराव म्हणाला.

वर पंखा फिरत होता.

"पंखा काय बॅटरीवर चालतो?"

तो छताकडे बघत राहिला. मी त्याच्या कपाळावर हात ठेवला. वेळेआधी फोडलेल्या साच्यासारखं कपाळ होतं, बाहेरून कोरडं, आतून धग. मी एसी लावला, मानेवर आणि काखेत ओले टॉवेल ठेवले, पाणी पाजलं. डोळे लाल झाले होते, शब्द जड येत होते. वहिनी येईपर्यंत ताप थोडासाच उतरला.

"असं का केलंस?" मी विचारलं.

"तिचे गुडघे बघितलेस? रात्री तेल चोळताना तोंडात पदर धरते. ती तिथे तव्यासमोर उभी आणि मी इथे गार वारा खात पडू?"

"तू तापून मेलास तर तिचे गुडघे बरे होतील?"

"बिल तर कमी येईल."

हे तो हसत म्हणाला. मला हसू आलं नाही.

वहिनींना मी सगळं सांगितलं. त्यांनी आवाज चढवला नाही. रिमोट उचलला आणि स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला. तरी दोन दिवसांनी मी गेलो तर दोन्ही पुन्हा बंद. एसीचं आणि कूलरचं बटण शेजारी-शेजारी, पलंगाच्या उशाकडच्या भिंतीवर आहे. बाबुरावने पाठ खाजवायच्या लाकडी हाताने ती दाबून बंद केली होती. वहिनींनी तो लाकडी हात काढून घेतला. मग त्याने टॉवेलला गाठ मारून बटणांवर फेकायला सुरुवात केली. नेम चांगला होता. क्रेनवाला माणूस.

शेवटी दोघं समोरासमोर बोलले. मी तिथेच होतो.

"तू मेस सोड," तो म्हणाला. "मी एसीला हात लावत नाही."

"मेस सोडू आणि बिल कोण भरणार? प्रज्ञेशच्या डोक्यावर त्याच्या घराचं कर्ज आहे. तुम्ही आधी हात लावू नका, मग बघते."

"मग नाही."

"मग नाही तर नाही."

निकिता नावाची मुलगी आठवड्यातून एकदा सकाळी लवकर व्यायाम द्यायला येते. तिच्या कानावर हे आलं. ती बाबुरावला म्हणाली, "काका, तुम्हाला हा हट्ट वाटतो. एकदा अंग फार तापलं की हॉस्पिटल गाठेपर्यंत वेळ राहत नाही. अजून अख्खा मे जायचा आहे." तो तिला "हो हो" म्हणाला. ती गेल्यावर त्याने टॉवेल जवळ ओढला.

मी दुपारी जिना चढताना दर मजल्यावर थांबून कान द्यायचो. लिफ्ट आहे, पण लिफ्टमध्ये ऐकू येत नाही. गॅलरीतलं बाहेरचं यंत्र घरघरत असलं तर पाय हलके पडायचे. ते कधी स्वतःहून थांबत नसे. शांतता असली तर समजायचं, बाबुरावने बंद केलाय.

मग तो गुरुवार आला. खडकवासल्याच्या लाईनचं काम होतं, दिवसभर पाणी बंद. आमच्याकडे टँकर यायचा होता, तो आला नाही. मेसवरही पाणी नाही म्हणून वहिनींना सुट्टी. भरून ठेवलेलं पाणी पिण्याला आणि बाबुरावच्या अंगाला. एसीच्या बादलीतलं सकाळचं पाणी संडासात लागलं. कूलरची टाकी कोरडी पडली. कोरडा कूलर चालवला की पंप जळतो, म्हणून त्यांनी तो बंद केला. बंद कूलरच्या मागून खिडकीतली गरम हवा आत यायला लागली, म्हणून काचही ओढून घेतली. कूलर त्या खिडकीत बसल्यापासून उन्हाळ्यात ती काच कधी लागली नव्हती.

दुपारी सवयीने मी जिना चढलो. वरच्या मजल्यावर शांतता. दार वहिनींनी उघडलं. चेहरा उतरलेला.

"भाऊजी, एसी बिघडला. मीच बिघडवला."

"काय केलंत?"

"यांना थंडी वाजून राहिली म्हणाले. मी रिमोट काढला आणि आकडा वाढवला. पंचवीस केला. थोड्या वेळाने बाहेरचं यंत्र बंदच पडलं. बादली बघा."

बादलीत तळ झाकण्यापुरतं पाणी होतं. मी यंत्राला कान लावला. गप्प. मनात म्हटलं, आता दुरुस्तीचा खर्च, आणि हा बाबुराव.

आत गेलो. खोली गार होती. बोचरी नाही, कोरडी गार. एरवी त्या खोलीत गेलं की अंगाला चिकट लागायचं, भिंतीवरचं कॅलेंडर ओलसर होऊन वाकलेलं असायचं. बाबुराव गळ्यापर्यंत चादर घेऊन पडला होता.

"दार लावा," तो म्हणाला. "गारवा बाहेर जातो. तेवढाच उरलाय."

मी त्याची कूस बदलली. वहिनी स्टुलावर बसून रिमोटकडे बघत होत्या, त्याच्यावर तांदळाचे दोन दाणे अजून चिकटलेले होते. तेवढ्यात बाहेर खट्ट झालं आणि यंत्र घरघरायला लागलं. कोणी हात लावला नव्हता.

वहिनी उठून उभ्या राहिल्या. थोडा वेळ चाललं आणि पुन्हा थांबलं.

"परत गेला," त्या म्हणाल्या.

"गेला नाही," बाबुराव पलंगावरून म्हणाला. "काम झालं म्हणून थांबला. भट्टीवरचा कंट्रोल असाच चालायचा. हवी तेवढी उष्णता झाली की बंद, उतरली की चालू. हे मशीन त्याच्या उलटं."

"मग आजवर का नाही थांबलं?"

विचारता विचारताच वहिनी गॅलरीत गेल्या. बादलीकडे बघितलं. आत आल्या, कूलरची जाळी हाताने चाचपली. गवत वाळून कडक झालं होतं. त्या परत गॅलरीत गेल्या, परत आत आल्या. मग त्यांनी बोटाने हवेत वाट काढली: नळीतून बादलीत, बादलीतून कूलरमध्ये, कूलरमधून खोलीत, खोलीतून एसीत, आणि परत नळीत.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "तो जे पाणी हवेतून काढून देत होता, तेच मी उचलून परत हवेत सोडत होते."

त्यांनी खिडकीची ओढलेली काच बोटाने ठोकली.

"आणि खिडकी उघडी," त्या म्हणाल्या. "कूलरला खिडकी लागतेच. म्हणजे बाहेरची सगळी धायरी गार करायला काढली होती मी."

"म्हणजे तो बिचारा फडकं पिळत होता," बाबुराव म्हणाला, "आणि तू ते परत भिजवून त्याच्या हातात देत होतीस."

"कोणाच्या कूलरने?"

बाबुराव हसायला लागला. त्याला छातीखालून जोर लावता येत नाही, त्यामुळे त्याचं हसणं बारीक असतं, पण थांबत नाही. वहिनीही हसल्या आणि हसता हसता पदराने डोळे पुसले. मी आयुष्यभर काम केलेला माणूस, मला हसू येऊनही वाईट वाटत होतं. काम जड असण्याचं काही नाही. केलेलं काम दुसऱ्या बाजूने कोणी उलटवत राहावं आणि तो कोणी आपणच असावा, हे वाईट. एवढ्या भरलेल्या बादल्या त्या गुडघ्यांनी उचलल्या होत्या.

संध्याकाळी वहिनींनी प्रज्ञेशला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"आई, कूलर चालू असायचा? एसीबरोबर?"

"हो."

"मला सांगायचं ना."

"तू विचारलं नाही. आपल्या घरी उन्हाळ्यात कूलर चालू असतो, हे काय सांगायचं?"

मग तो नीट समजावून बोलला. "सोळा लावल्याने लवकर गार होत नाही, आई. गार तेवढ्याच वेगाने होतं. फक्त सोळा होईपर्यंत मशीन थांबत नाही. आणि वर गच्ची तापलेली असताना आपल्या खोलीत सोळा होणारच नाही. म्हणून ते दिवसभर पळायचं."

निकिता आली तेव्हा तिला विचारून आकडा ठरवला. बाबुरावला गार-गरम नीट कळत नाही, म्हणून त्याच्या बोलण्यावर जायचं नाही. उशाशी भिंतीवर खोलीचं तापमान दाखवणारं एक छोटं घड्याळ लावायचं आणि दुपारी तोंडात थर्मामीटर धरून त्याचं तापमान बघायचं. पंचवीसवर ते चांगलं राहिलं. सव्वीसवर, पंखा हळू लावून, तेवढंच चांगलं राहिलं. सत्तावीसवर वर सरकायला लागलं. म्हणून सव्वीस. वहिनींनी दाराखालच्या फटीत जुन्या लुगड्याची वळकटी लावली, पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा शिवला आणि एसीची जाळी काढून धुतली. जाळीतून निघालेली धूळ त्यांनी बाबुरावला दाखवली. तो म्हणाला, "आता हीच तेवढी कूलरमध्ये घालायची राहिली होती."

तरी त्याने एसीवर विश्वास टाकला नाही. बिल येईपर्यंत टॉवेल फेकणार नाही, एवढंच कबूल केलं. वहिनींनीही बिल येईपर्यंत मेस सोडणार नाही म्हणून सांगितलं. दोघेही एकाच मातीचे. मी दुपारी जिना चढायचो, कान द्यायचो आणि शांतता ऐकू आली की अजूनही उरलेल्या पायऱ्या भरभर चढायचो. दार उघडायचो, उशाचं घड्याळ बघायचो. सव्वीस. यंत्र नुसतं थांबलेलं असायचं. ही सवय मोडायला मला वेळ लागला.

मे संपताना बिल आलं. उन्हाळा तोच, ऊन एप्रिलपेक्षा कडक. वहिनींनी चष्मा लावून आकडा वाचला.

"परत वाच," बाबुराव म्हणाला.

त्यांनी परत वाचला.

"रावसाहेब, तू वाच. हिचा चष्मा जुना आहे."

मी वाचला. आकडा तोच होता. एप्रिलच्या निम्म्याहून थोडा वर. फार मोठी गोष्ट नाही म्हणायला, पण पेन्शनमध्ये बसत होता.

बाबुरावने टॉवेलची गाठ सोडली. ती इतके दिवस तशीच होती. त्याने टॉवेल झटकून नीट घडी केला आणि वहिनींकडे दिला.

"मेस?" त्याने विचारलं.

"महिना भरला की सोडते. अर्ध्यावर कोणाचं काम टाकत नाही मी."

"ते मला सांगू नको. माहीत आहे."

वहिनी पलंगाच्या कडेवर बसल्या आणि दोन्ही पाय समोर लांब केले. एवढ्या दिवसांत मी त्यांना त्या खोलीत नुसतं बसलेलं पाहिलं नव्हतं.

कूलरचं काय करायचं, हे बाबुरावनेच सांगितलं. खाली पार्किंगमध्ये वॉचमन मच्छिंद्र बसतो. तिथे चारी बाजू मोकळ्या, एसी नाही, भिंत नाही. कूलरला हवी तशी जागा. एक बाजू मी धरली, दुसरी मच्छिंद्रने. लिफ्टमध्ये मावला, तरी लिफ्टपर्यंत नेताना दोनदा टेकवला. पत्रा अजून तितकाच जड आहे, मी मात्र तो राहिलो नाही. वहिनींनी नवीन गवत भरून दिलं आणि मच्छिंद्रला बजावलं, "पाणी नसेल तर पंप चालवू नको."

आता मी दुपारी वर गेलो की बाबुराव आधी कूलरची चौकशी करतो.

"कसा चाललाय?"

"बेअरिंग वाजतं."

"ग्रीस दे. मच्छिंद्रला सांगू नको, तो खोबरेल घालेल. तू दे."

परवा हे बोलणं चाललं असताना बाहेर खट्ट झालं आणि यंत्र थांबलं. वहिनी लसूण सोलत होत्या. रिमोट बाबुरावच्या उशाशी उघड्यावर पडला होता. त्याने त्याच्याकडे बघितलं नाही. कोणी उठलं नाही. मी चादरीची घडी धरली, गुडघा पलंगाला टेकवला आणि त्याची कूस बदलली.